दिवाळीपासूनचा खोकला

पुणे, 19 जानेवारी

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

काल रात्री सुखरूप पोचले. शेंगा चटणी, कडक भाकऱ्या, सगळं नीट आलं. हे पत्र मात्र पोचल्याचं कळवायला लिहीत नाहीये. जे बोलायचंय ते फोनवर होत नाही. फोनवर बाबा "बरंय गं" एवढंच म्हणतात, फोन आईच्या हातात देतात आणि मग मागून खोकल्याचा आवाज येत राहतो. म्हणून लिहून पाठवतेय. दोघं एकत्र बसा. बाबा, तुम्ही चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा. वाचताना खोकल्यासाठी जितक्या वेळा थांबावं लागेल, तितक्या उभ्या रेघा पानाच्या कडेला पेन्सिलीनं मारा. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

बाबा, आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या, सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याचा तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती, नंदीध्वज येऊन उभे राहिले होते, संमती वाचन सुरू झालं आणि सगळे मुठीत अक्षता धरून उभे. तेवढ्यात तुम्हाला उबळ आली. तोंडावर उपरणं दाबून तुम्ही तिथेच खाली बसलात. मी पाठीवर हात ठेवला तर बाराबंदीच्या आत फासळ्या हातोडीगत हलत होत्या. उबळ ओसरेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. तुमच्या मुठीतल्या तशाच राहिल्या, घामानं ओल्या झालेल्या. तुम्ही त्या हळूच खिशात टाकल्यात आणि म्हणालात, "गड्ड्यावरची धूळ फार, दरवर्षीचंच आहे."

दरवर्षीचं नाही बाबा. मी आईला विचारून हिशेब केला. भाऊबीजेला मी आले होते तेव्हा खोकला सुरू होता आणि तुम्ही म्हणाला होतात, फटाक्यांचा धूर. डिसेंबरात फोनवर म्हणालात, थंडी पडलीय. आता गड्ड्याची धूळ. मार्चमध्ये म्हणाल ऊन वाढलं, घसा सुकतो. प्रत्येक कारण ऐकायला खरं वाटतं. पण त्या खऱ्या वाटणाऱ्या कारणांनी आपण अडीच महिने काढले, आणि खोकला कशानं येतोय हे आजही आपल्याला ठाऊक नाही.

आपल्या घरात हे पहिल्यांदा होत नाहीये. आजोबा गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाचा भुरा पांढऱ्या केसांसारखा बसलेला असायचा, असं तुम्हीच सांगायचात. सुट्टी संपवून कामावर गेले की पहिल्या दिवशी त्यांची छाती आवळायची, दोन दिवसांत जरा सैल व्हायची, पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. सगळे म्हणायचे, गिरणीत हे चालायचंच. आता मला माहीत आहे की त्या दुखण्याला नाव आहे, बिसिनोसिस, आणि कापसाच्या धुळीनं होतं. सुरुवातीला धुळीपासून दूर केलं तर माणूस बराच सुधारतो. पुढे छाती कायमची आखडते. आजोबांच्या बाबतीत धूळ हे कारण खरंच होतं, तरी उपयोग झाला नाही, कारण "धूळ आहे" एवढं म्हणून सगळे थांबले. दवाखान्यात जाऊन कुणी विचारलं नाही.

आणि समोरच्या अक्का. रोज हजार विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, तेंदूची पानं भिजवून कापलेली. त्या खोकायच्या तर गल्लीत कुणाला नवल वाटायचं नाही, तंबाखूचा खकाणा घशात जातो म्हणायचे. एका डॉक्टरांनी चार महिने सिरप बदलून बदलून दिलं. छातीचा फोटो नाही, बेडक्याची तपासणी नाही. रात्री घामानं त्यांचा पोलका भिजायचा, ते त्यांनी कुणाला सांगितलंच नाही, कारण बाईमाणसानं हे काय सांगायचं. शेवटी टीबी निघाला, आणि तोवर घरातल्या नातीलाही लागला होता. दोघी सहा महिने औषध घेऊन पूर्ण बऱ्या झाल्या, हे तुम्हीही पाहिलंय. मला टोचतं ते एवढंच की पहिल्या पंधरा दिवसांत बेडका तपासला असता तर ती पोर वाचली असती त्या गोळ्यांपासून.

म्हणून आधी टीबीचंच लिहिते. आपल्याकडे सरकारी नियमच असा आहे की दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा. सोबत संध्याकाळचा कणकण ताप, रात्रीचा घाम, भूक मरणं, वजन उतरणं किंवा बेडक्यात रक्त असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही. तपासणी आणि सगळा औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहे. वर पेशंटच्या खात्यावर आहारासाठी पैसे येतात, 2018 साली महिना 500 रुपये सुरू झाले, 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000. नियमित औषध सुरू झालं की साधारण काही आठवड्यांत माणसापासून दुसऱ्याला लागण्याचा धोका फार कमी होतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. लपवलं तर तेवढे दिवस घरातल्यांनाच लागत राहतं.

बाबा, तुमच्या पट्ट्याला दाभणानं पाडलेलं नवं भोक मी पाहिलं. खुंटीवर लटकत होता तेव्हा. जुनं भोक घासून गुळगुळीत झालंय आणि त्याच्या आत बोटभर अंतरावर हे नवं, कडा अजून खडबडीत. तुम्ही कुणाला बोलला नाहीत. वजन कमी झालं म्हणजे अमुकच झालं असं नाही, दात काढल्यापासून तुम्ही जेवताही कमी. पण वजन आणि खोकला एकत्र आले की मी गप्प बसू शकत नाही. तुम्ही तीस वर्षं विडी ओढलीत. आजोबा गेल्यावर सोडलीत, ते फार मोठं काम केलंत, धोका त्यानं दरवर्षी उतरत जातो. पण संपत नाही. आवाज बसून तीन आठवडे झाले, बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, वजन उतरलं, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचीही शंका घेऊन फोटो काढावा लागतो. हे वाचून आई घाबरेल हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण न लिहून ते टळणार नाही, आणि लवकर कळलं तर हातात खूप काही राहतं.

आता दुसरी शक्यता, आणि मला आशा याच शक्यतेची आहे. देव्हाऱ्यामागच्या फळीवर तुमच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. दसऱ्यानंतर गोळी बदलली ना? नवीनचं नाव मी वाचलं, रॅमिप्रिल. ज्या बीपीच्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" येतं, त्या सगळ्या एका जातीच्या. गोळ्या उत्तम आहेत, हृदयाला आणि किडनीलाही जपतात. पण दहातल्या एखाद्या माणसाला त्यांनी कोरडा खोकला लागतो. घशात केस अडकल्यासारखी खवखव होते, बेडका पडत नाही, रात्री जास्त. गोळी सुरू झाल्यावर लगेच लागतो असंही नाही, आठवड्यांनी, कधी महिन्यांनी सुरू होतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही की गोळीचा संबंध आहे. त्यावर कितीही सिरप प्या, थांबत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिनेही लागतात. बदलीची गोळी मिळते, महागही नसते. तुमच्या तारखा जुळतात. पण तारखा जुळल्या म्हणून बाकीच्या तपासण्या सोडायच्या नाहीत, नाहीतर धूर, थंडी आणि धुळीच्या रांगेत आपण गोळीलाही उभं करू.

आईला ठाऊक आहे मी इथे दिवसभर काय करते. छातीची फुंकायची तपासणी. लोक नाकाला चिमटा लावून बसतात, नळी ओठांत घट्ट धरतात आणि मी ओरडते, "पूर्ण श्वास घ्या, आता जोरात फुंका, अजून, अजून, अजून, सोडू नका." पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र सांगतं. नळ्या आखडलेल्या असतील तर हवा बारीक धारेनं निघते. मग पंपातून औषध देऊन थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावतो. धार सुधारली तर दमा असण्याची शक्यता जास्त, फारशी नाही सुधारली तर विडीनं, धुरानं, धुळीनं नळ्या कायमच्या खराब झाल्याची. दिवसाला परक्या पंधरा-वीस माणसांना मी हे करायला लावते आणि माझ्या स्वतःच्या बाबांनी, ज्यांनी तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचा भुरा खाल्ला, ती नळी एकदाही तोंडात धरलेली नाही. यात चूक माझी आहे. मी फोनवर "दाखवून घ्या" म्हणत राहिले आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

आई, आता तुझं. बाबांच्या खोकल्यामागे तुझा खोकला लपून बसलाय. पहाटे तीन-साडेतीनला उठून तू खाटेवर बसतेस, छातीत शिट्टी वाजते, पाणी पितेस, अर्ध्या तासानं आडवी होतेस. मिरचीची फोडणी, धूप, गादी झटकणं, यातलं काहीही झालं की सुरू. हे दम्याचं लक्षण असू शकतं. दम्यात दरवेळी धाप लागतेच असं नाही, काहींना नुसता खोकलाच असतो. मागच्या वर्षी डॉक्टरांनी पंप लिहून दिला होता आणि तू तो कपाटात ठेवलास, "पंपाची सवय लागते" म्हणून. सवय लागत नाही गं. पंपातलं औषध थेट छातीत उतरतं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी पुरतं. स्टिरॉइडचा पंप असेल तर ओढून झाल्यावर चूळ भरायची, एवढंच पथ्य. बिनपंपाचा दमा वर्षानुवर्षं अंगावर काढला तर नळ्या आखडत जातात.

आणि एक गोष्ट, ती तू मला सांगितली नाहीस, मला कळली. खोकताना तू पाय आवळून उभी राहतेस आणि नंतर न्हाणीत जातेस. दिवसाला दोन पेले पाणी पितेस, बाहेर जायचं असेल तर तेवढंही नाही. खोकला जोराचा आला की लघवीचे थेंब जातात, बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांचं होतं. माझ्याकडे फुंकायला येणाऱ्या बायका दाराशी घुटमळतात, हळूच विचारतात, इथे बाथरूम कुठंय. मग मी आधी जाऊन यायला सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावर व्यायामही आहेत, लघवी धरून ठेवतो तसे ते स्नायू आवळायचे आणि सोडायचे, रोज, काही महिने. पण पाणी तोडू नकोस. पाणी कमी झालं की बेडका घट्ट होतो आणि तो काढायला आणखी जोरानं खोकावं लागतं.

रात्रीच्या जेवणाचंही सांगते. तुम्ही दोघं साडेनऊला भाकरी, चटणी, वर शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी खाता आणि दहाला आडवे होता. पोटातलं आंबट वर घशाशी येतं आणि त्यानं खोकला लागतो, कधीकधी छातीत जळजळ न होताच. साडेसातला जेवा, झोपायच्या आधी दोन-तीन तास जाऊ द्या, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली वीट ठेवा. तेवढ्यानं फरक पडला तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यांना माग लागतो. चटणी सोडा असं मी म्हणणार नाही, दुपारी खा.

साधं सर्दी-पडसं झाल्यावरचा खोकला हा वेगळा विषय. तो बहुतेक विषाणूचा असतो. ताप दोन-तीन दिवसांत उतरला तरी खोकला सरासरी अडीच आठवडे राहतो. आपल्याला वाटतं आठवड्यात जायला हवा, नाही गेला की बाबा मेडिकलमधून तीन गोळ्यांचं अँटिबायोटिकचं पाकीट आणतात. विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. बेडका पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच असंही नाही. उलट काही अँटिबायोटिकं टीबीला अर्धवट दाबून ठेवतात आणि मग तपासणीत तो उशिरा सापडतो. झोपेचं सिरपही आणू नका. त्यातल्या काही औषधांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते, आणि रात्री गुंगीत उठून पडलं तर खुब्याचं हाड मोडतं. कोमट पाणी, मध, मिठाच्या गुळण्या, हे करा, यानं घसा निवतो. मात्र कारण तसंच राहतं, हे विसरू नका.

पुढचं मात्र दोनदा वाचा. बसल्या जागी धाप लागून एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसली, छातीत दुखून घाम फुटला, बेडक्यातून चमचाभर रक्त पडलं, किंवा झोपल्यावर गुदमरून उठून बसावं लागलं आणि गुलाबी फेस आला, तर माझ्या फोनची वाट न पाहता 108 ला फोन लावा. शेजारच्यांना हाक मारा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. पाय सुजून खोकला वाढला तर त्याच दिवशी दाखवा, ते हृदयाचं असू शकतं. तुमच्या वयाला न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. आई, बाबा अचानक असंबद्ध बोलायला लागले, जेवण टाकलं, दिवसभर झोपूनच राहिले, श्वास मिनिटाला तीसच्या वर गेला, तर ताप नसला तरी दवाखाना. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात मधल्या कप्प्यात आहे, मी जाताना सेल नवे घातलेत. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा, मग लावा. 94 च्या खाली दोनदा आला तर त्या दिवशीच डॉक्टर, 90 च्या खाली आला तर थेट 108.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय. सुट्टी मंजूर झालीय, त्यामुळे "कशाला येतेस" हे म्हणू नका. शनिवारी सकाळी आपण तिघं सिव्हिलला जाऊ. बाबा, तुमचा छातीचा फोटो, बेडका, आणि फुंकायची तपासणी. आईचीही फुंकायची. ज्यांनी बीपीची गोळी लिहिली त्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी भेटू. नंतर लागलं तर छातीच्या तज्ज्ञाकडे.

बेडक्याबद्दल एवढं नीट ऐका, कारण इथेच बहुतेकांची तपासणी वाया जाते. सकाळी उठल्यावर पाण्यानं चूळ भरायची, अंगणात मोकळ्या हवेत जायचं, दोन-तीन वेळा पोटापासून खोल श्वास घेऊन थोडा रोखायचा आणि मग आतून खोकायचं. डबीत थुंकी नको. छातीतून येतो तो घट्ट बेडका हवा. आपण थुंकी दिली आणि रिपोर्ट निल आला तर उगाच निर्धास्त होऊ. कोरडाच खोकला असेल आणि काही निघालं नाही तर तसं स्पष्ट सांगायचं, नसलेलं ओढूनताणून द्यायचं नाही. डबी आदल्या दिवशी घ्यावी लागते, ती मी पाहते.

सोबत हे पत्र घ्या, कडेच्या रेघांसकट. खोकला केव्हापासून, कोरडा की ओला, रात्री की दिवसा, आडवं झाल्यावर की जेवताना, याची उत्तरं डॉक्टरांपुढे बसल्यावर आठवत नाहीत आणि माणूस "बराय, थोडासा आहे" म्हणून मोकळा होतो. बाबा, तुम्ही तर नक्कीच. आईनं पाकिटाच्या मागच्या बाजूला ही उत्तरं आजपासून रोज एक ओळ लिहावी. जेवताना ठसका लागत असेल तर तेही लिही आई, पाण्यानं लागतो की भातानं, कारण घास चुकीच्या नळीत उतरत असेल तर त्यानंही छातीत जंतू जातात.

आणि तो पट्टाही डॉक्टरांना दाखवायचा. वजनाचा जुना आकडा आपल्याकडे लिहिलेला नाही, तीच आपली नोंद.

तुमची,
माई

ता. क. बाबा, गोळीबद्दल वाचून आज रात्रीपासून ती बंद कराल, मी तुम्हाला ओळखते. करू नका. बीपीची गोळी अशी मनानं सोडली तर बीपी पुन्हा वाढतो. शनिवारपर्यंत रोज वेळेवर घ्या, आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवा, म्हणजे जाताना विसरणार नाही.